संमतीचा कागद

मागच्या वर्षी दिवाळीनंतर वडिलांनी मला पुण्याहून गावी बोलावून घेतलं, ते एका सहीसाठी. सही माझी नव्हे, आत्याची हवी होती. आमचं गाव जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात. रस्त्याच्या भूसंपादनात ओढ्याकाठची दोन एकर जमीन गेली होती आणि मोबदला उचलायचा तर सगळ्या वारसांचे कागद सरळ हवे होते. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वडील, काका आणि आत्या अशी तिघांची नावं लागली. आत्याने हक्कसोडपत्र करून द्यायचं, असं घरात ठरलं. ठरलं तेव्हा आत्या तिथे नव्हती. "ती काही नाही म्हणायची नाही, पण तू गेलास तर बरं दिसंल. तुझं ऐकते ती," असं काका मला म्हणाले.

जुने कागद चाळताना आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत घड्या पडलेला एक कागद सापडला. त्यावर फसली सन १३४७ होतं, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९३७-३८. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. पणजोबांच्या पहिल्या बायकोने लिहून दिलेला तो कागद होता. घरात तिला सगळे 'थोरली' म्हणत. तिचं खरं नाव मला त्या कागदावरून कळलं. मजकूर एवढाच : मला मूलबाळ नाही, वंश चालावा म्हणून यजमानांनी दुसरं लग्न करावं, यास माझी राजीखुशीने संमती आहे; माझ्या पोटापाण्यासाठी ओढ्याकाठची दोन एकर जमीन माझ्या हयातीपर्यंत मी खावी. खाली अंगठा.

तीच ही दोन एकर जमीन. आणि मी धाकटीचा पणतू. त्या अंगठ्यानंतर धाकटी घरात आली, १९४० साली आजोबा जन्मले, पुढे वडील, मग मी.

तो कागद हातात धरून बसलो असताना मला फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफिन आठवली. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याला कारण होतं. २०२३ साली रिडली स्कॉटचा 'नेपोलियन' चित्रपट आला. त्यात घटस्फोटाच्या प्रसंगी जोसेफिनला मजकूर वाचता येईना, तेव्हा नेपोलियन तिला भर दरबारात थोबाडीत मारतो. मी घरी येऊन शोधलं, तर त्या थोबाडीला इतिहासात आधार नाही. जे खरोखर घडलं ते वाचल्यावर मला वाटलं, थोबाडीत मारली असती तर समजायला सोपं गेलं असतं.

तिचं जन्मनाव मारी-जोसेफ-रोज. जन्म २३ जून १७६३, कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर, गुलामांच्या कष्टांवर चालणाऱ्या उसाच्या मळ्यात. घरचे तिला रोज म्हणत. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आत्याने अलेक्सांद्र द बोआर्ने नावाच्या तरुण उमरावाचं स्थळ आणलं, ते खरं तर हिच्या धाकट्या बहिणीसाठी. ती बहीण १७७७ साली वारली, म्हणून हिला उभं केलं. १७७९ साली, सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. दोन मुलं झाली, युजेन आणि ऑर्तांस. १७८५ मध्ये नवरा-बायको वेगळे राहू लागले. राज्यक्रांतीच्या दहशतीत दोघांनाही तुरुंगात टाकलं. जुलै १७९४ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं आणि दोन आठवड्यांनी ती सुटली. मग ९ मार्च १७९६ रोजी तिने नेपोलियनशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. 'जोसेफिन' हे नाव त्याने दिलेलं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायची आपली रीत तिथे नव्हती, पण परिणाम तोच झाला. जग तिला नवऱ्याने ठेवलेल्या नावानेच ओळखतं.

त्या लग्नाच्या दाखल्यात दोघांनीही वयं खोटी लिहिली. तिने स्वतःचं वय चार वर्षांनी कमी केलं, त्याने आपलं दीडेक वर्षाने वाढवलं.

नेपोलियन १८०४ साली सम्राट झाला आणि गादीला वारस हवा झाला. जोसेफिनला आधीची दोन मुलं होती, पण नेपोलियनपासून मूल होईना. दोष कुणात हा प्रश्न काही वर्षं झाकलेला राहिला. १८०६ च्या डिसेंबरात नेपोलियनला दुसऱ्या एका बाईपासून मुलगा झाला आणि तो प्रश्न त्याच्यापुरता सुटला. १५ डिसेंबर १८०९ च्या रात्री त्विलरीच्या राजवाड्यात सगळं घराणं जमवलं गेलं. आधी नेपोलियनने आपलं निवेदन वाचलं. मग जोसेफिनने तिचं वाचायला घेतलं : आता मूल होण्याची आशा उरलेली नाही, म्हणून फ्रान्सच्या हितासाठी हा विवाह मोडायला माझी संमती आहे, अशा आशयाचं. थोडं वाचल्यावर तिचा आवाज फुटेना. तिने कागद एका अधिकाऱ्याच्या हातात दिला आणि उरलेली संमती त्याने वाचून दाखवली. मग सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सेनेटने ठराव केला. तिथे बाजू मांडायला तिचा स्वतःचा मुलगा युजेन उभा होता. तिचा सम्राज्ञी हा किताब तसाच राहिला, माल्मेझाँचा वाडा मिळाला, वर्षाला वीस लाख फ्रँकांची नेमणूक झाली.

दोन एकर आणि वीस लाख फ्रँक यांत फरक आहे, हे मला कळतं. पण कागद एकाच घाटाचा आहे. मूल नाही हे आधी कबूल करायचं, मग वंशाचं किंवा देशाचं हित सांगायचं, मग राजीखुशी, शेवटी पोटगी.

आता यातली मला अडलेली गोष्ट सांगतो. १९३७-३८ साली हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला पहिल्या बायकोची परवानगी कायद्याने लागत नव्हती. मुंबई इलाख्यात द्विभार्येला बंदी करणारा कायदा १९४६ साली आला, पण जालना तेव्हा मुंबईत नव्हतं. देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. म्हणजे पणजोबांना त्या अंगठ्याची काहीएक गरज नव्हती. उद्या लग्न केलं असतं तरी कुणी विचारणारं नव्हतं. मग तो कागद केला कशाला?

नेपोलियनचंही तसंच. त्याच्या १८०४ च्या नागरी संहितेत परस्परसंमतीने घटस्फोट होता, पण बायको पंचेचाळीस वर्षांची झाली की तो मिळत नसे. जोसेफिन सेहेचाळीस वर्षांची होती. (लग्नाच्या दाखल्यातलं खोटं वय धरलं तर बेचाळीस.) शिवाय १८०६ मध्ये त्यानेच राजघराण्यासाठी नियम केला होता की या घराण्यातल्या कुणालाही घटस्फोट घेता येणार नाही. स्वतःचा नियम त्याने सेनेटच्या एका ठरावाने ओलांडला. ज्याला एवढं करता येतं, त्याला बायकोने चारचौघांत 'हो' म्हणायची काय गरज होती?

माझं उत्तर असं आहे : असा कागद देणाऱ्यासाठी नसतो, घेणाऱ्यासाठी असतो. त्याने देणाऱ्याचं काही राखलं जातं की नाही ही पुढची गोष्ट, पण घेणाऱ्याला त्यानंतर शांत झोप लागते. 'तिचीही इच्छा होती' हे वाक्य त्याला मिळतं, आणि तेच पुढच्या पिढ्यांना मिळतं. माझ्या लहानपणी थोरलीची गोष्ट घरात सांगितली जायची ती अशीच : किती मोठ्या मनाची बाई, स्वतःहून सवत आणली. ती गोष्ट ऐकून आम्हाला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. कागदाने आपलं काम चोख केलं होतं.

नेपोलियनच्या प्रकरणात आणखी एक गंमत आहे. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी, १ डिसेंबर १८०४ रोजी, जोसेफिनने आग्रहाने धार्मिक विधीनेही लग्न लावून घेतलं होतं, पुढे असं काही होऊ नये म्हणून. तो विवाह रद्द करायला १८१० च्या जानेवारीत पॅरिसच्या धर्मपीठासमोर कारणं दिली गेली. साक्षीदार नव्हते, योग्य धर्मगुरू नव्हता, ही तांत्रिक कारणं झाली. पण असाही मुद्दा मांडला गेला की सम्राटाची त्या विवाहाला खरी संमती नव्हती. युरोपातल्या सर्वांत ताकदवान माणसाला 'माझा होकार खरा नव्हता' असं म्हणता आलं. जोसेफिनच्या होकाराबद्दल असं विचारायला कुठलंच पीठ बसलं नाही.

यावर कुणी म्हणेल, निदान कागद तरी केला. न विचारता करणाऱ्यापेक्षा हे बरं नाही का? त्यासाठी बडोद्याकडे पाहू.

बडोद्याचे सयाजीराव तिसरे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. बालविवाहाला आळा घालणारा कायदा त्यांनी १९०४ साली केला, हिंदूंना घटस्फोटाचा हक्क १९३१ साली दिला. या बाबतीत ब्रिटिश हिंदुस्थान त्यांच्या कितीतरी मागे होता. १९३९ साली ते वारले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांचं लग्न १९२९ साली हसूरच्या घोरपड्यांच्या शांतादेवींशी झालं होतं, आठ मुलं होती. १९४३ साली मद्रासला घोड्यांच्या शर्यतीत त्यांची गाठ सीतादेवींशी पडली. त्या पिठापुरमच्या राजाची मुलगी, एका जमीनदाराची बायको, मुलांची आई. बडोद्यात हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी होती. आणि मद्रास इलाख्यात हिंदू बाईला घटस्फोटच नव्हता. तिथे तो कायदा आला १९४९ साली.

सीतादेवींनी इस्लाम स्वीकारून पहिलं लग्न मोडीत काढलं, मग पुन्हा हिंदू होऊन महाराजांशी लग्न केलं. ब्रिटिशांनी विचारणा केली तेव्हा महाराजांच्या बाजूने सांगण्यात आलं की बडोद्याचा कायदा प्रजेला लागू आहे, महाराजांना नाही. शेवटी वारस शांतादेवींचा मुलगाच राहील या अटीवर ते लग्न चालवून घेतलं गेलं. १९५१ मध्ये प्रतापसिंहराव पायउतार झाले, शांतादेवींचे फत्तेसिंहराव गादीवर आले. १९५६ मध्ये सीतादेवींशीही घटस्फोट झाला. त्या पुढे पॅरिसमध्ये राहिल्या आणि १९८९ साली तिथेच वारल्या.

वर्तमानपत्रांना या गोष्टीत दागिने दिसले, मला दोन बायका दिसतात. सीतादेवींना पहिल्या लग्नाला 'नाही' म्हणायला कायद्याने दारच ठेवलं नव्हतं, म्हणून त्यांनी धर्म बदलून भिंत फोडली. त्यांना कुणी लबाड म्हणो, मला तसं म्हणवत नाही. पण त्या भिंतीतून बाहेर पडून त्या शिरल्या ते दुसऱ्या बाईच्या घरात. आणि शांतादेवींचं रक्षण करणारा कायदा असूनही तो त्यांच्या नवऱ्याने बाजूला सारला. त्या दोघींचं पुढे जे झालं त्यात त्यांच्या होकाराला किंवा नकाराला फारसं स्थान नव्हतं. तेव्हा 'विचारलं तर बरं, न विचारलं तर वाईट' एवढ्यावर भागत नाही. विचारलेली जोसेफिन आणि मोडता न येणाऱ्या लग्नातली सीतादेवी यांच्यात सारखं काय असेल तर हे, की 'नाही' म्हणून उभं राहायला त्यांना जागा नव्हती.

आमच्याच जिल्ह्यातलं जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. बोहल्यावर 'सावधान' ऐकून ते पळाले, ही कथा आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतो. त्या कथेकडेही मी आता जरा वेगळं बघतो. नवऱ्या मुलाला 'नाही' म्हणता आलं, कारण त्याला पळून जायला जग होतं, गोदाकाठ होता, पुढे त्याची थोरवी सांगणारे लोक होते. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीला तोच शब्द ऐकू आला असेल. ती कुठे जाणार होती?

माझ्या कामात ही गोष्ट रोज येते, म्हणून कदाचित ती मला टोचते. मी ॲपचे फॉर्म बनवतो. 'मला मान्य आहे' असं बटण असतं, शेजारी 'मान्य नाही' नसतं, किंवा ते दाबलं की ॲप बंद होतं. अशा बटणावर लाखो लोकांचा होकार जमा होतो आणि आम्ही तो वेळेसकट डेटाबेसात साठवतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने सांगितलं की संमती मुक्त, ठरावीक कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. त्यावर आमच्याकडे आठवडाभर बैठका झाल्या. कुणाचा तरी फोन नंबर घेण्यासाठी आम्ही एवढा विचार केला. दोन एकरांवरचा हक्क सोडायला लावताना मात्र माझ्या घरात 'तू गेलास तर बरं दिसंल' एवढी तयारी पुरेशी होती. तसं १८७२ च्या करार कायद्यातही संमती मुक्त हवी असं लिहिलेलंच आहे. पण भावाविरुद्ध तो कायदा काढणारी बहीण मी तरी अजून पाहिलेली नाही.

इथे मला स्वतःलाच एक आक्षेप घ्यायचा आहे. अडचणीत दिलेला प्रत्येक होकार खोटा मानायचा का? मग जगातले बहुतेक होकार खोटे ठरतील. मी नोकरी पत्करली तो होकारही. शिवाय थोरलीने समजून उमजून हिशेब केला नसेल कशावरून? तिने दुसरं लग्न अडवलं नसेल, पण अंगठ्याच्या बदल्यात दोन एकर कागदावर आणली. कायद्याने तिला तेवढंही मिळालं असतं का, कोण जाणे. ती शेवटपर्यंत तिथे स्वतः पेरत असे, असं आजोबा सांगायचे. तिचा होकार नुसता लादलेला होता असं म्हणून मी तिची अक्कलही काढून घेतो. त्यामुळे 'राजीखुशी' हा शब्द खोटा होता एवढंच मी म्हणेन. शेत खरं होतं आणि ते तिने मिळवलं होतं.

दुसरी अडचण जास्त जवळची आहे. ते लग्न झालं नसतं तर मी नसतो. मग ते चुकलं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? यावर बराच विचार करून मी इतकंच ठरवलं की माझं असणं हा त्या कागदाचा बचाव होऊ शकत नाही. नेपोलियनलाही हवा तो मुलगा १८११ साली झाला. तो एकविसाव्या वर्षी व्हिएन्नात वारला, आणि १८५२ साली फ्रान्सच्या गादीवर सम्राट म्हणून बसला तो ऑर्तांसचा मुलगा, म्हणजे जिला मूल नाही म्हणून सोडलं त्या जोसेफिनचा नातू. पण गादीवर तिचा नातू न बसता तरी १८०९ ची ती रात्र तशीच राहिली असती. नंतर काय उगवलं त्यावरून अंगठा घेतानाचं खरंखोटं ठरत नाही.

तर मी जुन्या जालन्यात आत्याकडे गेलो. सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा होता आणि काकूने दिलेली साडी होती. आमच्याकडे बहीण हक्क सोडते तेव्हा साडी-चोळी करायची पद्धत आहे. आत्याने चहा केला, साडी न उघडता दिवाणावर ठेवली आणि म्हणाली, "तू इचारायला आलास, का सही घ्यायला आलास?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्ही नसतंय रे. सही नाही केली तर तुझा बाप काय करीन?"

"काही नाही करणार." मग खरं ते बोललो, "थोडे दिवस बोलणार नाहीत कदाचित."

"मग ते काहीच नाही का?"

मी पेटीतल्या कागदाचा फोटो तिला दाखवला. तिने चष्मा लावून तो सावकाश वाचला. थोरलीने तिला लहानपणी सांभाळलं होतं. तिचं खरं नाव आत्याला माहीत होतं. ती ते दोनदा मोठ्याने म्हणाली.

मग म्हणाली, "मला पैशाचं काही नाही. देईन का नाही ते महं मी बघीन. तुझ्या बापाला म्हणावं, सोता ये. साडी आणू नको. मी नाही म्हणले तरी इथं जेवून जाईन, असं मनाशी ठरवून ये. तसं जमत नसंल तर येऊच नको."

इतके दिवस मी वाचत होतो, संमतीचा अर्थ शोधत होतो, आणि तिने तो जेवणाच्या ताटावर आणून ठेवला. नकार दिल्यावरही नातं जागेवर राहील एवढी हमी विचारणाऱ्याने आधी द्यायची. ती द्यायची तयारी नसेल तर मग विचारायचंच नाही. सरळ सांगायचं की आम्ही घेतोय. निदान त्यात तिला राजीखुशीने असं लिहावं लागत नाही.

वडिलांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला पाठवलं तेच चुकलं." त्याचा अर्थ मी चुकीचं केलं असा होता, की त्यांनी स्वतः जायला हवं होतं असा होता, हे मी विचारलं नाही. या गोष्टीला आता पाच महिने झाले. मोबदला अडकून आहे, काका माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. वडील जालन्याला जायचं म्हणतायत, म्हणाली, पण बरोबर काय न्यावं ते त्यांना सुचेना झालंय. मी सांगितलं, काही नेऊ नका, जेवायच्या वेळेला जा.